नदीकाठची तळघर असलेली तीन मजली व्यापारी इमारत पावसाळ्यात पाडता येईल का? किती दिवस लागतील?

पाडता येईल. पण तळघराला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की बांधकाम पुण्यात, बारा हजार चौरस फूट, आरसीसी, नदी शंभरेक मीटरवर, आणि ठेकेदार म्हणतोय ‘दसऱ्यापर्यंत खड्डा करून देतो’. तो ‘खड्डा’ वाचला आणि लिहायला बसलो.

वरच्या मजल्यांचं विशेष काही नाही. पावसात धूळ कमी उडते, टँकर वाचतो. भिंती, स्लॅब, बीम, शेवटी कॉलम, मजल्यामागून मजला. फक्त राडारोडा स्लॅबवर साचू देऊ नका. वीट आपल्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के पाणी पिते, त्यामुळे कोरड्यात चालून गेलेला ढीग जुलैत चालत नाही.

आता तळघर. तळमजल्याचा स्लॅब तोडून पोकलेन खाली उतरवायचा, ही ठेकेदारांची आवडती युक्ती. मातीकडची भिंत वर त्या स्लॅबला टेकलेली असते, हे कोणी बघतच नाही. अशा भिंतीची मुख्य सळई बहुधा आतल्या अंगाला असते. टेकू काढला की भिंत नुसती पायावर उभी राहते आणि ताण येतो मातीच्या अंगाला, जिथे सळई नावापुरती. तीन मीटर उंचीच्या भिंतीला कोरडा भराव लांबीच्या मीटरमागे साधारण पावणेतीन टनांनी ढकलतो. तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला की पावणेसहा टन.

एका साइटवर मी हे लेखी दिलं होतं. सल्लागारांचं उत्तर: ‘नऊ इंची आरसीसी आहे, काय होतंय?’ रस्त्याकडचा बारा मीटर स्लॅब तोडला. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. सकाळी फुटपाथला भिंतीशी समांतर बोटभर भेग, आणि ओळंबा सोडला तर भिंतीचा माथा ४० मिलिमीटर आत. ब्रेकर थांबवला, फुटपाथ बंद केला, सतरा ब्रास मुरूम आतून भिंतीला उतरता रचला, तेव्हा कुठे हलायची थांबली. मग नोव्हेंबरपर्यंत काम बंद. सल्लागार आजही म्हणतात, पाऊस जास्त झाला. पाऊस पुण्यात दरवर्षीच होतो.

दुसरी चूक म्हणजे तळघर कोरडं ठेवायचा हट्ट. ३०० मिलिमीटर जाडीच्या तळाचं वजन चौरस मीटरला ७५० किलो, आणि खालून मीटरभर पाण्याची उसळी १००० किलो. वरची इमारत गेली की तळ फुगून तडकतो. म्हणून इमारतीचं वजन उतरायच्या आधीच तळाला चार इंची भोकं पाडा आणि पाणी आत येऊ द्या. ते पाणी भिंतीलाही आतून टेकू देतं. पावसाळी गटाराची तळघरात येणारी पाइप मात्र आधी बुजवा. मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा अशा पाइपा उलट्या वाहतात.

पाणी उपसावं लागलंच तर सरळ नाल्यात सोडू नका. नदीत जाणाऱ्या पाण्याची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम गाळ आणि पीएच ५.५ ते ९. सेकंदाला दहा लिटरच्या पंपाला निदान ४ बाय ७ मीटरची निवळण टाकी लागते, म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंतचा गाळ खाली बसतो. काळ्या मातीतली चिकणमाती त्याहून दसपट बारीक, तिला एक मीटर खाली बसायला तीन दिवस लागतात. तिला तुरटी हवी, आणि प्रमाण बादलीत करून बघूनच ठरवा. फोडलेल्या काँक्रीटवरून वाहिलेलं पाणी त्यात मिसळू देऊ नका. त्याचा पीएच अकराच्या वर जातो आणि तुरटी नीट चालत नाही.

राडारोडा दीड हजार टनांच्या आसपास निघेल. मार्च २०२६पर्यंत लागू असलेल्या २०१६च्या नियमांत महिन्याला ३०० टनांच्या वर गेलं की काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे लागत; आजही तसेच ठेवा. निळ्या पूररेषेच्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती रेषा) आत एक रात्रसुद्धा ढीग ठेवू नका. वाघोलीच्या प्रक्रिया केंद्रावर डंपर ताडपत्री टाकून पाठवा, नाहीतर टनाच्या भावात पावसाचं पाणी वाहून न्याल.

दिवसांचं म्हणाल तर वरचे मजले एका पोकलेनला तीन-चार आठवडे, डंपरना दिवसा शहरात सोडलं तर. तळघर दिवाळीनंतर.

एक राहिलं. पुण्यात बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांवर काळा पाषाण लागतो, तिथे मातीची ढकल कमी असते हे खरं. सल्लागार हेच सांगतील. त्यांना विचारा, खडक आणि भिंत यांच्यामधल्या फटीत काय भरलंय? फट वीतभर असो की दहा फूट, पाणी उंचीप्रमाणेच दाबतं. टेकू काढल्यावरच्या भिंतीचा हिशेब सहीनिशी कागदावर घ्या, सळईच्या नकाशासकट.