मुलांच्या वहीतला हिवाळा

डिसेंबर उजाडला की बहुतेक शाळांमध्ये ‘हिवाळा’ या विषयावर मुलांकडून काहीतरी लिहून घेतले जाते आणि त्याविषयीचे शिक्षक-पालकांचे प्रश्न या सदराकडे येतात. पहिली ते तिसरीच्या मुलांच्या लेखनाशी संबंधित असलेल्या पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. हिवाळ्यावर पाच वाक्ये लिहा म्हटले की सगळ्यांच्या वहीत तीच वाक्ये येतात : ‘हिवाळ्यात थंडी पडते. आम्ही स्वेटर घालतो. हिवाळा मला खूप आवडतो.’ मुलांनी स्वतःचे काही लिहावे यासाठी काय करावे?

उत्तर : दोष मुलांचा नाही, विषयाच्या आकाराचा आहे. सात वर्षांच्या मुलाला ‘हिवाळा’ नावाचा चार महिन्यांचा ऋतू हाताशी धरता येत नाही. त्याच्याजवळ असते ती आज सकाळची थंडी, तोंड धुताना बोटांना झोंबलेले पाणी आणि अंगावरून ओढून काढलेली गोधडी. एवढा मोठा विषय समोर आला की ते मूल मागच्या वर्षी फळ्यावरून उतरवून घेतलेली वाक्ये आठवते आणि तीच लिहून मोकळे होते. म्हणून विषय लहान करावा, आणि लिहिण्याच्या आधी तो मुलांच्या अंगाला लागू द्यावा.

परिपाठ संपल्यावर ऊन चढण्यापूर्वी वर्ग मैदानावर न्यावा. मुलांनी गवतावरून तळहात फिरवावा, ध्वजस्तंभाच्या लोखंडी खांबाला गाल लावून पाहावा, मग उन्हातल्या भिंतीला आणि सावलीतल्या भिंतीला हात लावावा, तोंडाने जोरात श्वास सोडून वाफ दिसते का ते पाहावे. श्वासातली ओलसर उबदार हवा बाहेरच्या गार हवेत गेली की तिच्यातील वाफेचे बारीक थेंब होतात, एवढे कारण या वयाला पुरते. वर्गात परतल्यावर लगेच वह्या काढायला सांगू नयेत. दहा-पंधरा मिनिटे नुसते बोलू द्यावे आणि मुले जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहीत जावे. एखादे मूल ‘खांब चावला’ असे म्हणाले, तर ‘खांब थंड लागला’ असे सुधारून लिहिण्याचा मोह टाळावा, कारण पहिल्या वाक्यात त्या मुलाचा गाल आहे आणि दुसऱ्यात कोणाचाच नाही. त्यानंतर तीनच ओळी लिहायला सांगाव्यात.

ज्यांचे लेखन एका वाक्याच्या पुढे सरकत नाही, त्यांना जोडशब्द द्यावेत : ‘गवत ओले होते, पण …’, ‘पाणी गार होते म्हणून मी …’, ‘आजी चूल पेटवत होती तेव्हा …’. मुलांच्या लेखनात सुटी सुटी वाक्ये असतात ती विचार सुटा असतो म्हणून नव्हे, तर ‘पण’, ‘म्हणून’, ‘तेव्हा’ हे शब्द बोलताना सहज येत असले तरी लिहिताना आठवत नाहीत म्हणून. ‘गुलाबी थंडी’सारखे वर्तमानपत्री शब्दप्रयोग मात्र या वर्गात देऊ नयेत, ते एकदा वहीत शिरले की वर्षानुवर्षे निघत नाहीत.

आपल्या तालुक्याला तर एक वेगळाच विषय घरबसल्या मिळालेला आहे. निफाडला राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा होते आणि अशा कडाक्याच्या थंडीत द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. ज्या मुलांच्या घरी बाग आहे त्यांना विचारावे : कोण उठले, काय जाळले, धूर कुठे गेला, घरातली माणसे काय बोलत होती? ज्यांच्या घरी बाग नाही त्यांनी हे प्रश्न शेजारच्या मुलाला विचारून त्याची उत्तरे लिहावीत. दुसरीचे मूल अशी छोटी मुलाखत उत्तम घेते.

यासोबत वर्गाची एक थंडीची नोंदवही ठेवावी. व्हरांड्यात सावलीला तापमापी टांगून रोज एका मुलाने तारीख, आकडा आणि एक वाक्य लिहावे. मैदानात १ मीटर उंचीची काठी उभी रोवली तर २२ डिसेंबरच्या सुमारास, दुपारी साडेबाराला सावली दिवसातील सर्वांत आखूड असते तेव्हाही, आपल्या भागात ती साधारण ९५ सेंटीमीटर भरते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती ६५ सेंटीमीटरच्या आसपास येते. आठवड्यातून एकदा ती मोजून ‘सावली गेल्या सोमवारपेक्षा …’ हे वाक्य पूर्ण केले की गणित, परिसर आणि भाषा या तिन्हींचे काम एका ओळीत होते.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पहिलीत आहे. मी इंटरनेटवरून हिवाळ्याच्या वर्कशीट छापून आणते. त्यांत बर्फाचा माणूस, हातमोजे, टोप्या असतात. ती रिकाम्या जागा भरते. याचा लेखनासाठी उपयोग होतो का? तिला अजून नीट लिहिता येत नाही.

उत्तर : अक्षर गिरवण्याचा सराव होतो, लेखनाचा होत नाही. बर्फाच्या गोष्टी तिने जरूर ऐकाव्यात, काश्मीर-हिमाचलमधील मुलांचा हिवाळा कसा असतो हेही तिला सांगावे. परंतु लिहिण्याची सुरुवात तिने न पाहिलेल्या थंडीपासून का करायची?

या वयात चित्र हेच पहिले लेखन असते. तिला काढावेसे वाटेल ते काढू द्यावे, ‘हे काय चालले आहे?’ असे विचारावे आणि ती जे सांगेल ते चित्राखाली ठळक अक्षरांत, तिच्याच शब्दांत लिहावे. मग त्या ओळीवरून बोट फिरवत दोघींनी वाचावे. त्यातला एखादा आवडता शब्द तिने खाली स्वतः लिहावा. आपण बोललेले कागदावर उमटते आणि ते पुन्हा वाचता येते, हे एकदा तिला उमगले की पुढची वाट सोपी होते.

हिवाळ्यात स्वयंपाकघर हा उत्तम लेखनवर्ग असतो. भोगीच्या भाजीसाठी काय काय आणायचे त्याची यादी तिच्याकडून करून घ्यावी : वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरे, ऊस, तीळ. यातले ‘तीळ’, ‘ऊस’, ‘गाजर’ तिला बहुधा लिहिता येतील, उरलेल्यांची चित्रे काढली तरी चालेल. ती यादी घेऊन खरोखर मंडईत जावे म्हणजे झाले. संक्रांतीला तिळाचे लाडू करताना तिने शेगडीपासून दूर, ओट्याजवळच्या खुर्चीत बसून कृती सांगावी आणि आपण लिहावी : आधी तीळ भाजले, ते तडतडले, मग गुळाचा पाक केला, शेवटी हाताला तूप लावून लाडू वळले. ‘आधी’, ‘मग’, ‘नंतर’, ‘शेवटी’ या चार शब्दांवर पुढे तिची गोष्ट उभी राहणार आहे.

प्रश्न : आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याजवळ आहे. दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबांतील काही मुले तिसरीच्या वर्गात येऊन बसतात. ती लिहायला तयार होत नाहीत. हिवाळ्याच्या उपक्रमांत त्यांना कसे सामील करावे?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण आपल्या हिवाळ्याच्या पाठांमध्ये ही मुले सहसा नसतातच. गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. ज्या महिन्यांत बाकीची मुले सहलीवर आणि हुरड्यावर लिहीत असतात, त्याच महिन्यांत या मुलांचे घर म्हणजे पाचटाची कोपी असते आणि आई-वडील पहाटेच्या अंधारात फडात गेलेले असतात.

पहिली गोष्ट म्हणजे ‘माझा नवा स्वेटर’, ‘आमची हिवाळी सहल’ असे विषय टाळावेत, कारण ज्याच्याकडे स्वेटर नाही त्याने काय लिहावे? त्याऐवजी प्रत्येक मुलाकडे ज्याचे उत्तर आहे असा विषय द्यावा : ऊब कशाने मिळते? शेकोटी, आजीचे लुगडे, धाकट्या भावाला कुशीत घेऊन झोपणे, बैलाच्या पाठीवर टेकवलेले हात, ऊन.

दुसरे, या मुलांना ज्याची माहिती वर्गात कोणालाही नाही, ते त्यांना शिकवू द्यावे. कोपी कशी बांधतात, मोळी कशी बांधतात, बैलगाडी कशी भरतात, हे त्या मुलाने तोंडी सांगावे आणि गावातल्या मुलाने त्याचा लेखनिक होऊन लिहावे. पाच-सहा पायऱ्यांचा तक्ता तयार झाला की त्यावर दोघांचीही नावे घालून तो भिंतीवर लावावा. लिहायला बिचकणारे मूल आपले बोलणे भिंतीवर पाहून हळूहळू हातात पेन्सिल घेते. त्याची बोली मात्र आपल्या गावच्या बोलीत बदलू देऊ नये.

मागे गावी राहिलेल्या आजी-आजोबांना पोस्टकार्ड लिहिणे हा तिसरा उपक्रम. शाळेने कार्ड द्यावे, पत्ता शिक्षकांनी लिहावा, मजकूर दोन ओळींचा असला तरी पुरे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. मुलगा सात वर्षांचा असून रविवारच्या मराठी शाळेत जातो. इथला हिवाळा आणि मराठी पुस्तकांतला हिवाळा यांचा मेळ बसत नाही.

उत्तर : मेळ बसवू नये. त्याने त्याचाच हिवाळा मराठीत लिहावा. भारतातील आजी-आजोबांना संक्रांतीनिमित्त पत्र लिहायला सांगावे आणि त्यात एकच काम द्यावे : ज्यांनी अंगणात कधी बर्फ पाहिला नाही, त्यांना तो दिसला पाहिजे. तो बुटाखाली कसा वाजतो, तळहातावर किती वेळ टिकतो, शाळेत निघताना अंगावर काय काय आणि कोणत्या क्रमाने चढवावे लागते? अडेल तिथे त्याने इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा आणि पुढे चालावे. आजीनेही उत्तरात एक प्रश्न विचारावा, म्हणजे दुसरे पत्र आपोआप लिहिले जाईल.

प्रश्न : मुले मनापासून लिहितात, परंतु शुद्धलेखनाच्या चुका इतक्या असतात की वही लाल होते. न सुधाराव्यात तर पालक नाराज होतात.

उत्तर : एक नमुना घेऊ. दुसरीतील मुलाने लिहिले : ‘काल लय थंडि होति. आज्जीनं शेकोटि पेटवली. माझं नाक गार आन पाय गरम.’ सर्वप्रथम या मजकुराला माणूस म्हणून उत्तर द्यावे. खाली एक ओळ लिहावी, ‘नाक गार आणि पाय गरम, हे मला फार आवडले. शेकोटीत काय जाळले होते?’ मुलाला कळते की आपले लिहिणे कोणीतरी वाचले.

मग चुकांकडे वळावे, पण एका वेळी एकाच प्रकारच्या. येथे थंडि, होति, शेकोटि हे तिन्ही शब्द एकाच नियमात बसतात : मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा. ‘आणि’सारखे अपवाद पुढे यथावकाश सांगता येतील. तीन लाल खुणा करण्याऐवजी ‘शेवटची वेलांटी तपासून पाहा’ एवढे म्हटले, तर मूल तिन्ही चुका स्वतः शोधते आणि ‘पेटवली’ आपण बरोबर लिहिले होते हेही त्याच्या लक्षात येते. ‘लय’ आणि ‘आन’ यांना हात लावू नये. ती त्याच्या घरची भाषा आहे, चूक नव्हे. प्रमाण रूपे वाचनातून येत राहतील आणि चौथीपर्यंत ती कुठे वापरायची हेही त्याला समजेल.

पालकांसाठी वहीच्या पहिल्या पानावर या महिन्यात कोणता नियम तपासला जात आहे ते लिहून ठेवावे. डिसेंबरमध्ये शेवटची वेलांटी आणि शेवटचा उकार, जानेवारीत अनुस्वार, फेब्रुवारीत पूर्णविराम, असे ठरवले तर कोणत्या चुका सध्या मुद्दाम सोडल्या आहेत हे त्यांना आधीच कळेल आणि घरीही त्याच एका गोष्टीकडे लक्ष दिले जाईल.