ट्रिगर राहू द्या, आधी पॉलिसीचं पहिलं पान काढा

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. वय ४३, हातात ६८ हजार येतात. मुलगी १५ वर्षांची, तीन वर्षांपासून १० मीटर एअर रायफल खेळते. सरासरी स्कोअर ६१२. स्पर्धेत वेळ पुरत नाही आणि शेवटचे दहा शॉट घाईत जातात. दुकानदार म्हणतो, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची रायफल घ्या, वेग वाढेल. किंमत ३ लाख ९० हजार, जुनीचे १ लाख १० हजार वळते करणार. उरलेल्या २ लाख ८० हजारांसाठी १३ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ, की मुलीच्या करिअरसाठी २०२२ मध्ये काढलेली पॉलिसी मोडू? त्यात ४ लाख ८० हजार भरलेत. दोन वर्षांत नॅशनलला पदक आलं की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, बक्षिसं. कर्ज फिटूनच जाईल. पॉलिसीचे कागद आणि घरखर्चाचा हिशेब सोबत जोडला आहे.

उत्तर : रायफलीसाठी कर्जही नको आणि पॉलिसीचे पैसेही नकोत. ट्रिगरचा विषय आधी उरकून टाकतो, कारण तुमच्या कागदांत त्याहून गंभीर प्रकरण निघालं आहे.

स्पर्धेत ६० शॉटना ७५ मिनिटं, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वेळ वाचवतो तो बोट दाबल्यापासून पेलेट सुटेपर्यंतचा, आणि हा वेळ मुळातच सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. उदार होऊन शॉटमागे ५ मिलिसेकंद वाचले असं धरू. ६० शॉटचे मिळून ०.३ सेकंद झाले. तुमच्या मुलीला हवी आहेत चार-पाच मिनिटं! ती बहुधा होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणं, लांबवण्यात आणि नेम जमत नसताना रायफल वेळेत खाली न घेण्यात जात असणार. प्रशिक्षकांना दहा शॉटची एक सिरीज स्टॉपवॉच लावून लिहून काढायला सांगा, फुकटात कळेल.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ही काही फसवणूक नाही. दाब रोज तोच राहतो आणि ट्रिगर न अडखळता सुटतो. पण अव्वल नेमबाज मेकॅनिकल ट्रिगरवरही खेळतात. तुमच्या आहे त्या रायफलीत ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याचा दाब, दुसऱ्याचा दाब, पातीची (बोट टेकतं त्या पट्टीची) जागा, असं सगळं स्क्रूनं बदलता येतं. मुलगी बाराची असताना पाती जिथे बसवली होती तिथेच आहे का, बघा. तीन वर्षांत हाताचा पंजा वाढला असेल. ही अर्ध्या तासाची जुळणी आहे, तिला पावणेतीन लाख लागत नाहीत.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानावर "प्रस्तावक" म्हणून तुमचं नाव आहे आणि "विमित व्यक्ती" या रकान्यात मुलीचं. म्हणजे विमा तिच्या जिवाचा आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी घरात एक रुपया आणणार नाही, उलट १ लाख २० हजारांचा पुढचा हप्ता मागेल. एजंटनं सांगितलं होतं ना, "तुम्ही नसलात तरी हप्ते माफ"? त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, घ्यावं लागतं. तुमच्या कागदांत रायडरच्या रकान्यात आडवी रेघ आहे. पैसे मिळायचे ते मुलीला काही झालं तर, तुम्हाला. असला विमा कोणत्या बापाला हवा असतो?

घर चालतं तुमच्या पगारावर, आणि तुमच्या जिवावर स्वतंत्र विमा शून्य. पीएफसोबत येणाऱ्या ईडीएलआय या नोकरीतल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख, एवढंच. घराचं कर्ज अजून २२ लाख बाकी आहे. रायफल सोडाच, घर कुठून राहणार?

बरं, गुंतवणूक म्हणून तरी? १५ वर्षांत १८ लाख भरायचे आणि २०४२ साली सुमारे ३४ लाख घ्यायचे, तेही बोनस आजच्याच दरानं मिळत राहिला तर. हिशेब जेमतेम ५ टक्क्यांवर येतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ४६ लाखांच्या आसपास गेले असते. शिवाय २०४२ साली तुमची मुलगी ३१ वर्षांची असेल. जॅकेट, पेलेट, प्रवास, कोचिंग हा खर्च आज आहे, आणि "स्पोर्ट्स करिअर फंड" हाती पडणार तेव्हा. हे नाव कागदावर कुठेही छापलेलं नाही, एजंटनं पेनानं फोल्डरवर लिहिलंय. करबचतीचं कारणही उरलेलं नाही. तुमच्या पगाराला नव्या कररचनेत करच लागत नाही, ८०सीची वजावट घेऊन काय करायचं?

"तीन वर्षांनी कधीही मोडा, भरलेलं परत," हेही तुम्ही खरं मानलंत. शाखेनं तुम्हाला सरेंडरचा, म्हणजे आज मोडली तर मिळणारा, आकडा दिलाय २ लाख ४५ हजार. चार हप्त्यांनंतर जुन्या पॉलिसीत साधारण निम्मंच हातात येतं. हप्ते थांबवून पॉलिसी "पेड-अप" ठेवलीत तर १५ लाखांच्या विमा रकमेचे चार-पंधरांश, म्हणजे ४ लाख, अधिक आजवरचा बोनस २ लाख ६० हजार. तेही २०४२ ला. आज २ लाख ४५ हजार काढून ७ टक्क्यांनी ठेवले तर तोवर सव्वासात लाख होतात. मोडा. एरवी मी सांगतो, नवा विमा हातात येईपर्यंत जुना बंद करू नका. इथे तुमच्यावर जुना विमाच नाही, मग थांबायचं कशासाठी?

कर्जाचं म्हणाल तर २ लाख ८० हजारांना चार वर्षं, महिना साडेसात हजार हप्ता. तुमचा हिशेब : घरकर्ज २३,५००, पॉलिसीचे महिन्याला १० हजार, नेमबाजी ९ हजार, घरखर्च २२ हजार. उरतात ३,५००. साडेसात हजार त्यात बसत नाहीत, त्यासाठी गणित यावं लागत नाही.

राहिली पदकाची आशा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे तुमच्याच जिल्ह्यातला. २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत, २०१५ मध्ये रेल्वेत नोकरी आणि ऑलिंपिक पदक २०२४ च्या ऑगस्टमध्ये. सुरुवातीपासून पंधरा वर्षं, आणि राज्य सरकारनं १ कोटीचं बक्षीस जाहीर केलं ते त्यानंतर. पॅरिसला मुलींच्या १० मीटर रायफलीत रमिता जिंदल पात्रता फेरीत ६३१.५ करून पाचवी आली, आणि ६३०.७ करूनही इलावेनिल वालारिवन दहावी, म्हणजे अंतिम फेरीबाहेर. ६१२ म्हणजे शॉटमागे १०.२, ६३० म्हणजे १०.५. पंधराव्या वर्षी ६१२ चांगलेच आहेत, मुलीला शाबासकी द्या. पण बँकेचा हप्ता पुढच्या ५ तारखेला असतो. पदकाला तारीख नसते.

तर करायचं असं. सरेंडरचे २ लाख ४५ हजार आणि बचत खात्यातले ६० हजार मिळून एफडीत ठेवा, साडेपाच महिन्यांचा खर्च निघेल. याला रायफलीसाठी हात लावायचा नाही. तुमच्या नावे साठाव्या वर्षापर्यंतचा १ कोटीचा टर्म विमा घ्या. तंबाखू नसेल तर वर्षाला २०-२५ हजार पडावेत. असेल तर अर्जात खरं लिहा, दावा तिथेच अडकतो. कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून कुटुंबासाठी १० लाखांचा वेगळा काढा. ३० हजारांच्या आसपास धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्ही हप्त्यांवर जीएसटी नाही. दोन्ही मिळून ५५ हजार. पॉलिसीच्या १ लाख २० हजारांतून ६५ हजार उरले. त्यात आज शिल्लक पडणारे साडेतीन हजार धरून महिना आठ हजारांची आरडी लावा. अडीच वर्षांत अडीच लाख जमतील आणि मुलगी बारावी झालेली असेल. तोवर प्रशिक्षक स्वतःहून "रायफल कमी पडतेय" म्हणाले तर रोखीनं घ्या.

दुकानदाराला एवढंच विचारा, की जुनीचे १ लाख १० हजार नुसते रोख देणार का. नाही म्हणाला तर ती रक्कम नव्या रायफलीच्या किमतीत आधीच चढवलेली असू शकते. आणि सेकंडहँड बघायला गेलात तर एअर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नव्याचे पैसे पुन्हा तुम्हालाच घालावे लागतील.