कॉर्पसच्या पैशातून ऑस्ट्रेलियाला जावं का?

प्रश्न: मी ६१ वर्षांची, पालिकेच्या शाळेतून निवृत्त. पेन्शन ४२ हजार. मिस्टर ६६, त्यांना पेन्शन नाही, आणि गुडघे दुखायला लागलेत. विलेपार्ल्याची आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय, सध्या जोगेश्वरीत भाड्याने राहतो. बिल्डरने ९ लाख कॉर्पस (पुनर्विकासात सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम) दिला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, एफडीत १४ आणि म्युच्युअल फंडात ११ लाख आहेत. घरखर्च महिना ४८ हजार. नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची १७ दिवसांची ग्रुप टूर माणशी ५ लाख ४० हजार आहे. मी म्हणते, कॉर्पस वापरू. मुलगा म्हणतो, कर्ज काढून हप्ते भरू. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा केरळला जाऊ. इतकी वर्षं भूगोल शिकवताना ग्रेट बॅरिअर रीफवर पट्टी ठेवून दाखवली. ती एकदा डोळ्यांनी बघायची आहे.

उत्तर: बाई, जा. आणि याच वर्षी जा. पैसा दोन-तीन वर्षांनीही असेल, पण बोटीच्या पायऱ्या चढणारे गुडघे तेव्हा असतील याची खात्री मी देऊ शकत नाही. फक्त कॉर्पसला हात लावू नका.

कॉर्पस हातात आला की वरकड मिळाल्यासारखं वाटतं. तो वरकड नाही. तुमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मेंटेनन्स १,८०० रुपये होता. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट, जनरेटर, पंप, पार्किंगची यंत्रणा, सिक्युरिटी हे सगळं असेल. ५६० फूट कार्पेटला फुटामागे १४ रुपये धरले तरी ७,८४० होतात. म्हणजे महिन्याला ६ हजारांचा फरक, वर्षाला ७२ हजार. आणि ९ लाखांवर ७ टक्क्यांनी व्याज किती येतं? ६३ हजार. कॉर्पस अख्खा ठेवूनही फरक पूर्ण भरून निघत नाही. तोच खर्च केलात तर नव्या घराचा मेंटेनन्स पेन्शनमधून जाईल.

दुसरं कारण मी घरात पाहिलंय. माझ्या आईची इमारत पाडली तेव्हा पहिलं वर्ष बिल्डरकडून भाडं वेळेवर आलं, मग काम रखडलं आणि सात महिने एक रुपया आला नाही. घरमालक थांबत नाही. आईला एफडी मोडावी लागली. तुमच्या बाबतीत असं होईलच असं नाही, पण चावी हातात येईपर्यंत कॉर्पस म्हणजे तुमचं थकलेलं भाडं आहे, असंच समजा.

मुलाचा सल्ला प्रेमाचा आहे, हिशोबाचा नाही. ६ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी काढलं तर हप्ता २८,८०० च्या आसपास, आणि व्याजच ९१ हजार. पेन्शनमधून तो हप्ता भरायचा कसा? तो मुलावर जाईल, आणि सहलीहून परतल्यावर दर महिन्याला तुम्हालाच टोचेल.

आता टूरचं. १७ दिवसांची सहल टीसीएस (टूर कंपनी बिलासोबतच घेते तो कर), व्हिसा, विमा, टिप्स धरून साडेबारा लाखांच्या घरात जाते. पेन्शन आणि बचत योजनेचं महिन्याला सुमारे १०,२५० व्याज यांत आजचा घरखर्च भागतो. एफडी आणि फंडातले २५ लाख ही आजारपणाची आणि महागाईची शिदोरी आहे, आणि दोघांचा मिळून आरोग्य विमा फक्त ५ लाखांचा. त्या शिदोरीतून निम्मं काढा, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकातच ११ दिवसांची फक्त ऑस्ट्रेलियाची टूर आहे, माणशी ३ लाख ३५ हजार. केर्न्स त्यात आहे, आणि रीफला बोट तिथूनच सुटते. न्यूझीलंड सुंदर आहे यात वाद नाही, पण पट्टी तुम्ही रीफवर ठेवत होतात.

दोघांचे ६ लाख ७० हजार. त्यावर २०२५-२६ च्या दराने ५ टक्के टीसीएस, म्हणजे ३३,५००. २०२५-२६ मध्ये परदेशी टूर पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के असा दर होता; मोठी टूर एकाच पॅनवर घेतली असती तर ६६ हजार कापले गेले असते. हा जास्तीचा कर नाही. तो तुमच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत) जमा दिसतो आणि रिटर्न भरल्यावर परत मिळतो किंवा करात वळता होतो. मात्र रिटर्न भरणार पुढच्या उन्हाळ्यानंतर, म्हणजे तोवर ही रक्कम अडकली. बिल दोघांच्या नावे, आपापल्या पॅनवर वेगळं घ्या. मिस्टर रिटर्न भरत नसतील तर या वर्षी भरावंच लागेल.

माहितीपत्रक पुन्हा नीट बघा: किंमत १,६४,००० रुपये अधिक ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर अशी आहे. डॉलर ५७ रुपये धरलाय. पैसे भरायच्या दिवशी तो ५९ झाला तर दोघांचे १२ हजार वाढले. बुकिंगआधी दोन गोष्टी लेखी मागा: कोणत्या तारखेचा दर लावणार, आणि व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील.

प्रवास विम्यात मिस्टरांचा बीपी आणि शुगर स्पष्ट लिहा. प्रीमियम वाढेल म्हणून लपवलं तर नेमका क्लेमच्या वेळी विमा हात वर करेल. न्यूझीलंड सोडल्याने जे वाचतं, त्यातला थोडा भाग सुपर टॉप-अप आरोग्य विम्याला (मूळ विम्याच्या मर्यादेपुढचा खर्च देणाऱ्या) द्या. टूरपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

एकूण खर्च ८ लाखांच्या आसपास. सप्टेंबरमध्ये ६ लाखांची एफडी सुटतेय, ती वापरा. उरलेले २ लाख फंडातून काढा. इक्विटी फंडावरचा दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, आणि २ लाखांतला नफ्याचा भाग तेवढा नसणार. फक्त एक करा. ती एफडी ऑटो रिन्यूअलवर आहे का, हे याच आठवड्यात शाखेत जाऊन विचारा. असेल तर तिथेच फॉर्म भरून ते काढून टाका, नाहीतर पैसे परत वर्षभरासाठी अडकतील आणि मोडताना व्याज कापलं जाईल.