शिबिराचं नंतर बघू, आधी पॉलिसीचं पुस्तक काढा

जळगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या खासगी हॉस्पिटलात रिसेप्शनला आहेत, पगार १७ हजार. मिस्टर एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात, हातात ३८ हजार येतात. घराचा हप्ता १४ हजार. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद आणि दोघांचीही ड्युटी नऊ ते सहा. कॉलनीजवळ १५ दिवसांचं उन्हाळी शिबिर आहे, सकाळी ८ ते ११, एका मुलाचे ९ हजार. ताई विचारतात, "हातात पैसे नाहीत. पतसंस्थेतून २० हजार काढून दोघांना शिबिराला घालू का? सासूबाई अमळनेरहून सारख्या फोन करतात, पोरेसले आठेच धाडी द्या (पोरांना इकडेच पाठवून द्या) म्हणून. पण तिथे साधा पंखा आहे, ऊन सोसवणार नाही."

आणि पत्राच्या शेवटी: "बाकी मुलांच्या शिक्षणाचं टेन्शन नाही. बँकेतल्या साहेबांनी दोघांच्या नावावर चाइल्ड प्लॅन काढून दिलेत. प्रत्येकी वर्षाला ६० हजार, १५ वर्षं. शेवटी ५० लाख पक्के. मुलाचे दोन हप्ते भरून झाले. मुलीची आत्ताच काढली, पुस्तक पंधरा दिवसांपूर्वी पोस्टाने आलं."

ताई, शिबिरासाठी कर्ज काढू नका. सहा आठवड्यांत तुम्ही दोघं कामावर असताना मुलांकडे बघायला कुणीतरी हवं असे साधारण सव्वातीनशे तास होतात. शिबिर त्यातले ४५ भरून काढतं, तेही तुम्ही घरी असता त्या वेळेला धरून. अकरा वाजता मुलं कुलूप लावलेल्या घरापाशी येणार, बाहेर ४४ अंश. तुमची खरी अडचण दुपारची आहे आणि ती १८ हजार देऊनही तशीच राहते.

आता पुस्तकाबद्दल, कारण तिथे दिवस मोजके आहेत. पॉलिसीचं पुस्तक हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. स्टॅम्प ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून मुलीचे ६० हजार परत मिळतील. १५ दिवस गेलेत, १५ उरलेत. उद्याच अर्ज द्या, तोही बँकेतल्या साहेबांकडे नव्हे, थेट विमा कंपनीच्या शाखेत. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, शिवाय ईमेल करा. साहेब फोन करून "दोन दिवस थांबा, मी बोलतो" म्हणतील. थांबू नका, ते दोन दिवस त्यांच्या सोयीचे असतात. कंपनीने टाळाटाळ केली, तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा. त्याचा फोन १५५२५५.

५० लाखांचा हिशेब बघा. दोघांचे मिळून वर्षाला १ लाख २० हजार, १५ वर्षांत भरणार १८ लाख. याचे ५० लाख व्हायला दरवर्षी १२ टक्के मिळायला हवेत. अशा पारंपरिक पॉलिसीत बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्या आसपास सुटतात, म्हणजे २७ लाख. तुमच्याच कागदांत लाभाचा तक्ता असेल. त्यात न हमी असलेल्या बोनसचा अंदाज ४ आणि ८ टक्क्यांनी दाखवावा लागतो. १२ तिथे कुठेही सापडणार नाही. ५५ हजारांच्या घरातून महिन्याला १० हजार ओढून नेणारी वस्तू विकताना हा तक्ता उघडून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. ती दिली गेली नाहीत, याचा मला संताप येतो.

परताव्याहून मोठी चूक वेगळीच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'विमाधारक' या रकान्यात मुलांची नावं आहेत. म्हणजे विमा दहा आणि सात वर्षांच्या लेकरांचा, ज्यांच्या कमाईवर कुणी अवलंबून नाही. ज्यांच्या ३८ हजारांवर घराचा हप्ता चालतो, त्या माणसाचा विमा शून्य. उद्या मिस्टरांना काही झालं, तर हप्ता माफ करणारा रायडर (पॉलिसीला जोडलेला जादा विमा) घेतला नसल्याने दोन्ही पॉलिसींचे हप्ते तुम्हालाच १७ हजारांतून भरावे लागतील. शिक्षणाचं टेन्शन नाही, असं तुम्ही लिहिलंत. ताई, आज या घरातलं सगळ्यात उघडं पडलेलं तेच आहे.

मुलाची पॉलिसी त्याच्या तेविसाव्या वर्षी पैसे देणार. बारावीनंतरची फी अठराव्या वर्षी भरायची असते. तीही चालू ठेवू नका, पण मोडूही नका. १ लाख २० हजार भरून आज हातात ३५-४० हजार येतील. त्यापेक्षा तिसरा हप्ता न भरता 'पेड-अप' करा, म्हणजे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. दोन हप्त्यांवर ते होतं का, हे पुस्तकात बघून घ्या. मग मुदतीअखेर साधारण भरलेल्या रकमेएवढे पैसे मिळतात. आनंद व्हावा असं त्यात काही नाही, पण नुकसान तिथेच थांबतं.

दोन्ही हप्ते थांबल्यावर दरवर्षी मोकळे होणारे १ लाख २० हजार असे वाटा. मिस्टरांचा एक कोटीचा टर्म विमा आधी, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. वय ३८ आहे, तर वर्षाला १६-१८ हजार धरा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू किंवा गुटखा खात असतील तर फॉर्मवर तसंच लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलेलं नंतर निघालं, तर क्लेम तुम्हाला मागायचा आहे, त्यांना नाही. मुलगी दहाच्या आत आहे, म्हणून पोस्टात सुकन्या खातं, महिन्याला ३ हजार. सध्या ८.२ टक्के मिळतात आणि अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. मुलासाठी महिन्याला ४ हजार इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणारा म्युच्युअल फंड), शेवटची दोन-तीन वर्षं सरकवत मुदत ठेवीत. ९ टक्के धरले तर आठ वर्षांत साडेपाच लाख. १२ धरू नका, आणि ९ चीही हमी नाही. मुलीचे परत आलेले ६० हजार अडीअडचणीला बाजूला ठेवा.

एवढं करून वर्षाला १८-२० हजार उरतात, आणि तेच तुमचं सुट्टीचं बजेट. पहिले तीन आठवडे मुलं अमळनेरला जाऊ द्या. सात-आठ हजारांचा कूलर घेऊन सासूबाईंच्या घरी बसवा. तो पुढच्या सुट्ट्यांनाही चालेल आणि त्यांनाही उन्हाळा सुसह्य होईल. उरलेल्या तीन आठवड्यांसाठी कॉलनीतली तीन-चार घरं मिळून एखाद्या ओळखीच्या बाईंना दुपारी मुलं सांभाळायला ठेवा. दर घरी तीन-साडेतीन हजारांत जमावं. शिबिरापैकी एकच गोष्ट मी पैसे देऊन घेतली असती: पोहणं. विहिरी आणि शेततळ्यांच्या गावी मुलं जाणार आहेत. शिबिरातलं रोबोटिक्स एक वर्ष थांबू शकतं.

फिरायला रविवार पुरे. गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय जवळच आहे. अजिंठ्याला १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आणि पाच ते बारा वयाच्या मुलांनाही अर्धंच. फक्त मे महिन्यात त्या दगडावर नेऊ नका, पाऊस पडल्यावर जा. सोमवारी लेणी बंद असतात.

मुलाच्या तिसऱ्या हप्त्याची तारीख जूनमध्ये असेल, तर बँकेतून तो आपोआप कापला जातो का ते आजच बघा. जात असेल तर फ्री लूकच्या अर्जाबरोबर ती सूचना रद्द करण्याचा अर्जही देऊन या. टर्म विमा हातात पडायला मेडिकल वगैरे धरून दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून त्याचा फॉर्म त्याच दिवशी भरा.