रात्रभर ड्युटी केलेल्या सर्जनने सकाळी ऑपरेशन केलं तर पेशंटला धोका असतो का?

लोकांना वाटतं हात थरथरत असतील. हात नाही थरथरत, टाके घालायची त्यांना सवय असते, आधी डोकं चालेनासं होतं.

मी सरकारी हॉस्पिटलात सर्जरीचा सेकंड इयर रेसिडेंट होतो, मंगळवार आमचा इमर्जन्सी डे. सकाळी आठला लागलो, रात्रीत दोन अपेंडिक्स आणि एक परफोरेशन, म्हणजे आतड्याला भोक पडलेला पेशंट, पहाटे शेवटचा पेशंट टेबलावरून उतरवला आणि तसाच राउंडला. आतडं कापून जोडलेले एक काका होते, पाचवा दिवस, सिस्टरने पल्स 124 लिहून खाली लाल रेघ मारलेली. ती रेघ मी बघितली आणि सीएसटी, म्हणजे चाललंय तेच चालू ठेवा, असं लिहून पुढच्या बेडला गेलो. पाचव्या दिवशी पल्स वाढली की आधी जोडातून लीक समजायचं हे मीच ज्युनियर्सना शिकवायचो! संध्याकाळी पोट उघडलं तर जोड सुटलेला. काका वाचले, पण स्टोमा घेऊन, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून.

मीटिंगमध्ये सांगितलं की रात्रभर झोप नव्हती, तर सर म्हणाले आमच्या वेळी आम्ही तीन-तीन दिवस उभे असायचो. सर, तेव्हाच्या पेशंटचं काय झालं ते मोजलं कुणी? 1992 च्या केंद्राच्या आदेशात रेसिडेंटला दिवसाला 12 तास, आठवड्याला 48 असं लिहिलंय, आम्ही शंभरच्या वर जायचो. आणि 17 तास जागा राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो हे 1997 लाच छापून आलंय, आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे.

आता तुमचा प्रश्न. कॅनडात ओंटारिओमध्ये जवळपास 39 हजार पेशंट तपासले (2015), रात्री काम केलेल्या डॉक्टरांनी दिवसा केलेल्या ठरलेल्या ऑपरेशनांत मृत्यू, गुंतागुंत यात फरक दिसला नाही. म्हणजे अनुभवी कन्सल्टंट असेल तर उगाच घाबरू नका. आणि हेही खरं की नुसते तास कमी करून भागत नाही, हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या डॉक्टरला पेशंट समजावून देणं, कच्चा असेल तर तिथेही गोष्टी सुटतात.

पण ऑपरेशननंतर रात्री कोण बघणार आणि तो किती तास जागा आहे, हे नक्की विचारा. पल्स वाढलेली दिसली तर डॉक्टरला परत बोलवा, चिडला तरी बोलवा. त्या दिवशी दुपारी सिस्टरने मला परत फोन केला होता, मी तिच्यावर ओरडलो होतो.