एएफएल रात्रभर चालवलं तरी एकही क्रॅश नाही, फझिंगने मेमरीचे बग खरंच सापडतात का?

प्रश्न असा आहे की सी मधली पीएनजी वाचणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी घेतली, एएफएल प्लस प्लसला (हा फझर, म्हणजे प्रोग्रामला बाइट बदललेले इनपुट सतत देऊन तो कुठे मरतो ते बघणारं साधन, ह्यालाच फझिंग म्हणतात) रात्रभर लावून ठेवली, सकाळी क्रॅश शून्य, तर आता लायब्ररी चांगली समजायची की फझिंगच फालतू? विचारणारा धुळ्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे असंही लिहिलंय, मी जळगावचा, सी प्लस प्लसवरच काम करतो, म्हणून सरळ तू म्हणतो, राग मानू नको भो.

आधी मला सांग, कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीत चुकीच्या जागी वाचणं-लिहिणं पकडणारी कंपायलरची सोय) लावला होता का? प्रश्नात कुठे उल्लेख नाही म्हणजे नसेलच लावला. मग सगळा घोळ तिथेच आहे. फझरला बग दिसत नसतो, त्याला फक्त एवढंच कळतं की प्रोग्राम मेला की नाही मेला. आणि मेमरीचे बरेच बग प्रोग्रामला मारतच नाहीत! लिनक्सवर साधारण 64 बिटच्या मशीनवर मॅलॉककडे (मेमरी मागायचं सी मधलं फंक्शन) 20 बाइट मागितले तर वापरता येण्यासारखे 24 मिळतात, त्यामुळे तुझ्या लायब्ररीने दोन-तीन बाइट पुढे लिहिलं तरी कोणाला काही पत्ता लागत नाही. बांधावर कुंपण नसलं की ढोर शेजारच्या केळीत जाऊन चरून परत येतं आणि मालक म्हणतो आपलं ढोर लई गुणाचं, तसंच हे. सॅनिटायझर प्रत्येक ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना विषारी पट्टा टाकतो, त्याला रेडझोन म्हणतात, तिथे एक बाइट जरी वाचला तरी प्रोग्राम जागेवर थांबतो आणि कुठल्या ओळीवर वाचला, ती मेमरी कुठे घेतली होती सगळं छापून देतो. फ्री केलेली मेमरीही लगेच परत वाटत नाही, काही वेळ बाजूला अडकवून ठेवतो, म्हणून फ्री केल्यावर वापरल्याचे बगही पकडले जातात. वेग साधारण निम्मा होतो, होऊ दे.

हार्टब्लीड नावाच्या बगचं उदाहरण याच कामाचं आहे. ओपनएसएसएलमध्ये (सर्व्हरचं बोलणं एनक्रिप्ट करणारी लायब्ररी) तो बग 2012 पासून बसलेला होता, बाहेर आला एप्रिल 2014 मध्ये. समोरचा म्हणायचा माझा मेसेज एवढा मोठा आहे, प्रत्यक्षात असायचा चिमूटभर, आणि सर्व्हर न तपासता एका वेळी 64 केबीपर्यंत शेजारची मेमरी वाचून पाठवून द्यायचा. सर्व्हर मात्र मस्त चालू! नुसत्या क्रॅशची वाट बघत बसलं असतं तर काय सापडणार होतं? नंतर लोकांनी तेच जुनं व्हर्जन लिबफझर (आणखी एक फझर) आणि सॅनिटायझर जोडून चालवलं तर पटकन सापडतो.

आता तुझं दुसरं दुखणं. पीएनजीच्या प्रत्येक तुकड्याला शेवटी सीआरसी असतो, म्हणजे आतला डेटा बदललाय का ते तपासायचा आकडा. फझर आत एक बाइट बदलतो, सीआरसी जुळत नाही, लायब्ररी दारातूनच फाइल परत पाठवते आणि आतला कोड रात्रभर कोणी चालवतच नाही. फझिंगसाठीच्या बिल्डमध्ये ती तपासणी बंद कर (फक्त त्याच बिल्डमध्ये हं, नाहीतर तशीच कमिट करशील). स्क्रीनवर शेवटची नवीन वाट कधी सापडली ते दिसतं, तिथे आठ-आठ तास दिसत असतील तर समज की गाडी दारातच अडकलीये. कव्हरेज रिपोर्ट काढून बघ, कुठली फंक्शनं कधीच चालली नाहीत ते लाल रंगात दिसेल. सुरुवातीच्या फाइली (ज्यांत फझर बदल करत जातो) छोट्या दे, काही केबीच्या, वेगवेगळ्या प्रकारच्या: ग्रेस्केल, पॅलेटवाली, इंटरलेस्ड. मोबाइलचे पाच एमबीचे फोटो टाकून काही उपयोग नाही.

आणि हे सगळं करूनही शून्य आलं तर लायब्ररी साफ असं समजू नको. लिबवेबपी ही वेबपी चित्रं वाचणारी लायब्ररी गूगलच्या ओएसएस-फझवर (ओपन सोर्स प्रकल्प सतत फझ करणारी सेवा) कित्येक वर्षं फझ होत होती तरी 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिच्या हफमन टेबलमधला (दाबलेला डेटा उलगडायचा तक्ता) ओव्हरफ्लो, म्हणजे दिलेल्या जागेबाहेर लिहिणं, बाहेर आला आणि क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांना घाईघाईने अपडेट काढावं लागलं. इनपुट एका विशिष्ट पद्धतीने जुळून यायला लागायचं, असं जुळणं नुसत्या बाइट बदलण्यातून अवघड.

क्रॅश आले की ढिगाने येतील, बहुतेक एकाच बगचे असतील, स्टॅक ट्रेसच्या (क्रॅश झाला तेव्हा कुठलं फंक्शन कुठून चाललं होतं ती यादी) वरच्या दोन-तीन ओळी बघून वेगळे कर, क्रॅश करणारी फाइल एएफएल-टीमिन या सोबतच्या साधनाने छोटी कर आणि मेंटेनरला (लायब्ररी सांभाळणाऱ्याला) खाजगीत कळव, सगळ्यांना दिसेल असा इश्यू लगेच टाकू नको.

मधेच लाइट गेली आणि फझर बंद पडला तरी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, इनपुट फोल्डरच्या जागी नुसती आडवी रेघ (-) दिली आणि आउटपुट फोल्डर तोच ठेवला की थांबलं तिथून पुढे चालतं. मे महिन्यात मात्र लॅपटॉप कूलरसमोर ठेव, सगळे कोअर एकदम लावू नको.