खैराचं लिग्निन

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

खैराच्या लाकडात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, ३८ टक्के निघालं, हे फारच जास्त वाटलं म्हणून तू आम्लाची नवी बाटली मागवलीस, हे वाचून हसू आलं. आम्लाला बोल लावण्याआधी ओंडक्याचा भुसा होईपर्यंत काय काय घडलं ते मला कळव. गाभा घेतलास, की बाहेरचं पिवळट लाकूडही त्यात आलं? कात असतो गाभ्यात. कातकऱ्यांनी तोच पिढ्यान्‌पिढ्या उकळून काढला. तू मात्र तो न काढताच भुसा ७२ टक्के गंधकाम्लात घातलास, असा माझा संशय आहे. आम्लात लाकडातल्या साखरा विरघळतात आणि गाळणीवर उरेल ते आपण लिग्निन म्हणून तोलतो. कातातली कॅटेचिन आणि टॅनिन ही तुरट द्रव्यं आम्लात एकमेकांना चिकटतात, त्यांचा न विरघळणारा तांबूस गाळ होतो आणि तो लिग्निनसोबत गाळणीवर बसतो. तराजूला दोन्ही सारखेच. म्हणून कात काढायला आधी सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणात, अल्कोहोल-टोल्युइन, मग नुसतं अल्कोहोल, शेवटी गरम पाणी. अल्कोहोल-टोल्युइनवरच थांबू नकोस, कात त्याला पुरती दाद देत नाही.

आता दळण. माझ्या उमेदीच्या काळात मी चाळणीवर उरलेले जाड कण सरळ फेकून दिले होते. घाई होती, दुसरं काय! चिवट तेवढं कचऱ्यात गेलं, ठिसूळ तेवढं नळीत आलं आणि महिनाभर मी भलत्याच लाकडाचं विश्लेषण करत बसलो. उरलेलं पुन्हा दळायचं, सगळं ०.४ मिलिमीटरच्या चाळणीतून उतरेपर्यंत. पण पीठ करू नकोस. फार बारीक कणांत आम्ल साखरांचीही नासाडी करतं आणि त्यांचा काळा अवशेष गाळणीवर येतो. जाड कण आतून कच्चे राहतात, तेही गाळणीवरच येतात. म्हणजे चूक कुठलीही कर, लिग्निन वाढलेलंच दिसणार. गिरणी तापली की थांबत जा.

ओल मोजायला भुसा वेगळा काढ. १०५ अंशांवर सुकवलेला तो भाग पुढच्या कामाला घेऊ नकोस. १० टक्के ओल असेल तर तुझा १ ग्रॅम खरा ०.९ ग्रॅमच.

आणि हो, सॉक्सलेटमध्ये घालण्याआधीचं आणि नंतरचं कोरडं वजन वहीत मांडत जा. टक्केवारी मूळ लाकडावर काढायची तर ते लागेल. त्याच ओंडक्याचा तुकडा उरला आहे का, तेवढं बघून लिही.

तुझा,
काका